झालं, असं कोणी म्हणायचं?

मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनचं एक तळघर. घर ऊबदार ठेवणारी भट्टी, तिला खेटून फळ्या ठोकलेली चिंचोळी खोली आणि तीत बारा ट्रॅकचं टेप मशीन. दिवसा पोलरॉइड कंपनीत इंजिनिअर असलेले टॉम शोल्झ रात्री इथे गिटारचे थर चढवत बसायचे. एखादा थर मनासारखा लागला नाही, की पुसायचा आणि पुन्हा वाजवायचा. 'बॉस्टन' या रॉक बँडचा पहिला अल्बम बहुतांशी या खोलीत घडला.

एपिक या रेकॉर्ड कंपनीला मात्र तो लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक स्टुडिओत हवा होता. मग निर्माते जॉन बॉयलन बँडमधल्या बाकीच्यांना घेऊन तिकडे गेले. कंपनीची नजर तिकडे लागली आणि शोल्झ तळघरात काम करत राहिले. १९७६ साली अल्बम आला. पुढे एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी सत्तर लाख प्रती गेल्या.

खरा जाच या यशानंतर सुरू झाला. करार सहा वर्षांत दहा अल्बमचा होता. दुसरा, 'डोन्ट लुक बॅक', १९७८ मध्ये आला आणि पहिल्या क्रमांकावर पोचला; पण तो तयार होण्याआधीच आपल्या हातून काढून घेतला गेला, ही सल शोल्झ यांनी नंतर बोलून दाखवली. तिसऱ्याला ते हटून बसले. १९८३ मध्ये एपिकची मालक सीबीएस कोर्टात गेली. दावा सहा कोटी डॉलरचा. रॉयल्टीही रोखून धरली.

वरवर हा पैशाचा तंटा. पण त्याच्या बुडाशी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे: कलाकृती पुरी झाली, हे ठरवायचा अधिकार कोणाचा? खुर्ची पुरी झाली का, ते बसणारा सांगू शकतो. गाण्यापाशी अशी बाहेरची खूण नसते. फ्रेंच कवी पॉल व्हालेरी तर म्हणायचे, की रचना पुरी होतच नाही, कवी ती कधीतरी सोडून देतो. १९२० मध्ये छापलेल्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेचं तसंच झालं. संपादक जाक रिव्हिएर भेटायला आले आणि समोरचा खर्डाच घेऊन गेले.

हे मानलं, तर कंपनीचं पारडं जड होतं. कोणीतरी ओढून नेल्याशिवाय काही बाहेरच येणार नाही! आणि घाईतून उत्तम काम निघतं, हेही खरं. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जॉन लेननला सर्दी, घसा सोलवटलेला, दिवसभर गोळ्या चघळणं चाललेलं. पहिल्याच टेकमध्ये तो फाटका आवाज लागला, दुसऱ्यात उरलाच नाही.

पण तिथे निर्माते जॉर्ज मार्टिन कंट्रोल रूममध्ये बसून तो घसा ऐकत होते. कधी थांबायचं, ते त्या आवाजाकडे पाहून ठरलं. रिव्हिएरनीही नेण्याआधी खर्डा वाचला होता. सहा वर्षांत दहा हा आकडा मात्र एकही सूर वाजण्याआधी कागदावर उतरला होता. शोल्झ यांचं भांडण या आकड्याशी होतं आणि ते रास्त होतं.

तिसरा अल्बम, 'थर्ड स्टेज', १९८६ मध्ये एमसीए या दुसऱ्या कंपनीकडून आला. त्यातलं 'अमांडा' पहिल्या क्रमांकावर गेलं. १९९० मध्ये ज्यूरीने शोल्झ यांच्या बाजूने कौल दिला. चौथा अल्बम आला १९९४ मध्ये, पुन्हा आठ वर्षांनी.