तप्त धातूचें पृष्ठ

एकाच शेगडीवर स्टेनलेस स्टीलचीं दोन भांडीं ठेविलीं आहेत, अशी वाचकांनीं कल्पना करावी. एक आरशासारखें घासलेलें. दुसरें बाहेरून काजळलेलें. दोहोंतहि पाणी उकळत आहे. २०२० सालच्या सांथींत दुकानांच्या दारोदारीं आपल्या कपाळासमोर जो तापमापक धरीत, त्याच जातीचा, पण अधिक उष्णता मोजणारा तापमापक या भांड्यांवर रोखला, तर काजळलेल्या भांड्याचें तापमान तो जवळजवळ खरें सांगतो. चकचकीत भांडें मात्र त्याच्या मतें कोमटच असतें. हात टेकणाऱ्याला सत्य तत्काळ कळेल!

ही गोष्ट नवी नाहीं. जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८०४ सालच्या आपल्या ग्रंथांत गरम पाण्यानें भरलेल्या एका चौकोनी डब्याचे प्रयोग वर्णिले आहेत. पाणी एकच, पण काजळी फासलेली बाजू लखलखीत बाजूपेक्षां कितीतरी अधिक उष्णता बाहेर टाकी. पुढें किर्खोफ यानें १८६० च्या सुमारास नियम सांगितला, कीं जो पृष्ठभाग किरण शोषण्यांत उदार, तोच तापल्यावर ते देण्यांतहि उदार. सर्व किरण शोषणारा आदर्श 'कृष्ण पदार्थ' हें माप मानून इतरांचें उत्सर्जन सांगतात. घासलेल्या पितळेचा वांटा शंभरांत तीन-चार. तीच पितळ तापून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढला, कीं साठांच्या आसपास.

मिश्रधातूंचें उत्सर्जन मोजणारांची खरी अडचण येथेंच आहे. तुकडा भट्टींत लाल झाला, कीं त्याचें पृष्ठ बदलूं लागतें, आणि सकाळचा आंकडा संध्याकाळीं खरा राहत नाहीं. म्हणून कोणी तो निर्वात पात्रांत तापवितात, कोणी आधींच पुरता ऑक्साइड चढवून घेतात. आणि तो कसा घासला, किती वेळ तापविला, हें प्रत्येक आंकड्याशेजारीं लिहावें लागतें. शिवाय बाहेरच्या तेजावर विसंबून भागत नाहीं. धातूंत बारीक छिद्र पाडून त्यांत दोन भिन्न धातूंच्या तारांची जोडी, म्हणजे थर्मोकपल, घालतात. आंतील खरें तापमान घेतात. आणि मग त्याच तापमानाच्या कृष्ण विवराशीं बाहेरच्या तेजाची तुलना करतात.

हें सर्व वाचतांना मला माझे एक काका आठवतात. त्यांचा तरुण मुलगा गेला, तेव्हां त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलें नाहीं. काकूंचा आक्रोश ऐकवत नव्हता. आणि बाराव्या दिवशीं काका पंगतींत कोणाला काय हवें नको तें पाहत फिरत होते. आम्हां पोरांचा निकाल ठरला, कीं काका म्हणजे दगड.

पण चकचकीत भांड्यासमोर तापमापक जो आंकडा दाखवितो, त्यांतला पुष्कळसा भाग भांड्याचा नसतोच. भिंतींची, छताची, आणि तापमापक धरून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊब त्यावरून परतून आलेली असते. आमच्या त्या निकालांत काका किती होते, आणि आम्ही किती?

काकूंचें दुःख दिखाऊ होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. काजळलेल्या भांड्यांतलें पाणीहि खरोखरच उकळत असतें. उलट, प्रत्येक अबोल माणसाच्या पोटांत आग असतेच, असें मानणें हाहि भाबडेपणाच. कांहीं चकचकीत भांडीं खरोखर थंड असतात. दुरून पाहणाऱ्याला दोहोंतला भेद कळत नाहीं, हेंच तर दुखणें आहे.

धातूला छिद्र पाडून शंका फेडतां येते. माणसाला तें पाडण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? साधी विचारपूसहि कधीं कधीं टोंचणीच होते. पण न विचारतां निकाल देण्याचा अधिकार तरी आम्हांला कोणीं दिला होता, याचें उत्तर मला आजवर सांपडलेलें नाहीं. काका त्यानंतर पुष्कळ वर्षें जगले. संध्याकाळीं ओटीवर ते माझ्या शेजारींच बसत. मीं त्यांना कधीं विचारलें नाहीं.