बघितलं, पण दाखवलं नाही

जूनमध्ये एका सकाळी ब्रश करताना डाव्या गालात, आतून, दाढेच्या रेषेत एक पांढरा डाग दिसला. शेंगदाण्याएवढा. दुखत नव्हता. चूळ भरली, बोटाने घासलं, गेला नाही. मग फोनचा टॉर्च लावून फोटो काढला.

पुढचे सात आठवडे मी रोज रात्री फोटो काढत होतो. वेगळा फोल्डर केला. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून झूम करायचो. वाचलंही भरपूर. तोंडातले बहुतेक पांढरे डाग कॅन्सर नसतात. दाताचं टोक घासून किंवा गाल चावला जाऊनही डाग पडतो. बुरशीचा असेल तर तो सहसा पुसला जातो. पुसला न जाणारा आणि दुसरं कारण न सापडणारा डाग ल्युकोप्लाकिया असू शकतो. त्यातले थोडे पुढे कॅन्सरमध्ये बदलतात, पण कुठले ते फोटोवरून कळत नाही. सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. म्हणून नियम साधा आहे: दोन आठवड्यांत गेला नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. डागात लाल भाग असेल, तो कडक लागत असेल, रक्त येत असेल, मानेत गाठ असेल किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तेवढंही थांबू नका.

हा नियम मी दुसऱ्याच दिवशी वाचला होता. तरी सात आठवडे गेले.

कारणं तयार होती. रिलीज जवळ आली होती. मी तंबाखू खात नाही, सिगरेट ओढत नाही. जेवणानंतर टपरीवरची सुगंधी सुपारी, बस. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्येच जाहीर केलंय. तेही वाचलं आणि तो टॅब बंद केला.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला कळतं. पण खर्च नको, म्हणून तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. हळूहळू त्याला ते मनापासून खरं वाटू लागतं. जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे. आणि पुढे म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी असता. कारण समजूत खरी ठरली की खोटी, हा प्रश्नच नाही; ती करून घ्यायचा त्याला हक्क होता का, हा प्रश्न आहे.

मी स्वतःशी वाद घातला. त्याच्या जहाजात दुसरी माणसं होती, माझं तोंड माझं आहे. माहीत करून न घेण्याचाही हक्क असतोच की. हंटिंग्टनसारखा आजार घराण्यात असलेली कितीतरी माणसं तपासणी नाकारतात. तो पूर्ण बरा करणारा उपचार अजून नाही; नाव कळून उरलेली वर्षं का नासवायची? हे मला पटतं. पण माझ्या बाबतीत लवकर कळण्याने फरक पडणार होता. शिवाय ज्याला खरंच जाणून घ्यायचं नसतं, तो रोज रात्री फोटो काढत नाही. मला उत्तर नको होतं, आणि आपण काळजी घेतोय हे समाधान मात्र हवं होतं. ऑफिसमध्ये कुणी अलर्ट म्यूट करून रोज डॅशबोर्ड बघत बसला असता, तर मी त्याला झापलं असतं.

मग गावाहून आईचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "आप्पांना आमटी झोंबायला लागलीय. तिखट सहन होत नाही." आप्पांनी एसटीत कंडक्टरकी करताना तीस वर्षं तंबाखू मळली.

"किती दिवस झाले?"

"झाला असेल दीड महिना."

"आणि आता सांगतेस? उद्याच्या उद्या दाखवा!"

"अरे, जातील. घाबरतात रे ते."

फोन ठेवला आणि लाज वाटली. आप्पांसाठी मला दीड महिना भयंकर वाटला होता. स्वतःसाठी सात आठवडे चालले होते. कुणाचीही समजूत एकट्याची खासगी नसते, असंही क्लिफर्ड म्हणतो. आमच्या घरात कुणी कधी खोटं बोललं नाही. "होईल बरं" एवढंच म्हणत आलो. ते मी आप्पांकडून शिकलो होतो.

परत फोन लावला. "आप्पा, माझ्याही गालात डाग आहे. सात आठवडे झाले. मीही दाखवलेला नाही."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "शनिवारी येतोस का? मिळून जाऊ."

गेलो. डॉक्टरांना माझ्या दाढेचं टोक धारदार सापडलं. ते त्यांनी घासून गुळगुळीत केलं, सुपारी बंद करायला सांगितलं आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. डाग राहिला तर तुकडा तपासायचा. आप्पांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोनच गेली. भूल देऊन त्यांच्या गालातला छोटा तुकडा तपासणीला घेतला.

आप्पांचा रिपोर्ट गुरुवारी आहे, माझी तारीख पुढच्या शनिवारी. दोन्ही जहाजं अजून समुद्रात आहेत. काय निघेल ते निघेल, पण त्या सात आठवड्यांचा निकाल त्यावर अवलंबून नाही. तो लागून गेलाय.