आयुष्याचा आकडा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण दारात कणकेचा दिवा लावतो आणि त्याची ज्योत दक्षिणेकडे करतो. हा यमदीप. अपमृत्यू टळावा, एवढीच त्यामागची प्रार्थना; माझी किती वर्षे उरली ते सांग, असे यमाला कोणी विचारीत नाही. मृत्यूची आठवण ठेवावी, पण त्याची तारीख पुसू नये, असे हे घरगुती शहाणपण आहे. आजच्या वैद्यकाने मात्र हा संकोच बाजूला सारला आहे. म्हणून सणाच्या दिवसांतही या प्रश्नाचा विचार अप्रस्तुत ठरू नये.

फुप्फुसाचा कर्करोग वेळेवर सापडला, तर रोगग्रस्त भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. पुढे रोगी किती जगेल, याचा अंदाज मुख्यतः गाठीचा आकार आणि रोगाचा पसारा यांवरून बांधतात. आता त्याला रक्ताचीही साक्ष मिळू लागली आहे. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे परस्परप्रमाण रक्ताच्या साध्या तपासणीतूनही कळते; ते चढे असणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने कमी भरते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. गोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९६५ साली माँट्रियलमध्ये आतड्याच्या कर्करोगात शोधलेले ‘सीईए’ हे द्रव्य येथेही उपयोगी पडते. शस्त्रक्रियेनंतर ते खाली न येणे हे चांगले लक्षण नव्हे. गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात सापडले, तर रोग उलटल्याची वर्दी कधीकधी स्कॅनच्या कित्येक महिने आधी मिळते.

हे ज्ञान मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु ते कोणाविषयीचे ज्ञान आहे? समजा, अशा रक्ताच्या शंभर माणसांपैकी साठ जण पाच वर्षे जगतात. हे त्या शंभरांविषयीचे सत्य झाले. समोर बसलेला माणूस साठांत आहे की चाळिसांत, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते. शिवाय सीईए धूम्रपानानेही वाढते आणि पेशींचे प्रमाण साध्या संसर्गानेही बिघडते.

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका रोग्याचे संपूर्ण फुप्फुस काढले. तो रोगी स्वतःही डॉक्टरच होता. त्या रात्री दोघांपैकी अधिक कोण जगेल, असे कोणी विचारले असते, तर उत्तराला क्षणाचाही विलंब लागला नसता. पण १९५७ साली ग्रॅहम फुप्फुसाच्याच कर्करोगाने वारले आणि त्यांचा रोगी १९६३ पर्यंत जगला! एका उदाहरणाने शास्त्र खोटे पडत नाही. मात्र आकड्याला शिक्षेचे रूप देऊ नये, एवढे त्यावरून शिकावे.

मग हा आकडा सांगावा कोणाला? आपल्याकडे रिपोर्ट आधी मुलाच्या हाती पडतो आणि ‘बाबांना काही बोलू नका’ अशी डॉक्टरांना विनवणी होते. तीत माया असते, हे खरे. पण वाटणी करायची शेती, भावाशी तुटलेले बोलणे, राहून गेलेली पंढरीची वारी, हा हिशेब बाबांचा आहे. तो त्यांच्या हातून काढून घेण्याचा अधिकार मायेलाही नाही. उलट, ज्याने विचारले नाही त्याच्या अंगावर टक्केवारी फेकणे, हाही सत्यनिष्ठेचा गुण नव्हे.

मला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ज्या माहितीने पुढचे औषध किंवा तपासण्या बदलतात, ती डॉक्टरांनी रोग्याला सांगितलीच पाहिजे. ज्या आकड्याने केवळ भविष्य वर्तविले जाते, तो रोग्याची ठेव समजावा. ती काढायची की तशीच राहू द्यायची, हे त्याने ठरवावे. मात्र ‘तुम्हाला किती सांगू?’ हा प्रश्न रक्त घेण्यापूर्वीच विचारला पाहिजे. निकाल हाती आल्यावर विचारला, तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच उत्तर वाचता येते आणि मग नको म्हणण्याचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरते.