धारणा कोणाच्या मापाने सदोष?

आपली किंमत लोकांच्या मतावर ठरते असे एखाद्याला वाटत असेल, तर ती आजाराची चाहूल समजावी का? आर्लीन वाइसमन आणि अ‍ॅरन बेक यांनी १९७८ साली मांडलेल्या प्रश्नावलीचा रोख साधारण असा आहे. तिच्या प्रचलित आवृत्तीत ४० विधाने आहेत आणि प्रत्येकापुढे पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत सात पर्याय. चुकणारा माणूस कमी लेखला जातो, मदत मागणे दुबळेपणाचे, अशा धारणा जितक्या पक्क्या, तितके गुण जास्त आणि नैराश्याचा धोकाही जास्त, हे त्यामागचे गृहीतक.

१९९३मध्ये हेसूस सान्स आणि कार्मेलो वास्केस यांनी तिचे स्पेनसाठी रूपांतर केले. पुढे कोलंबियात १७ विधानांची छोटी आवृत्तीही तपासली गेली. अशा तपासणीत विधाने एकमेकांशी जुळतात का, त्यांचे गट कसे पडतात, नैराश्य मोजणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावलीशी गुणांचा संबंध लागतो का, हे पाहतात. काम किचकट आणि उपयोगाचे. मला मात्र भाषांतराचीच पायरी जास्त बोलकी वाटते. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ दोन प्रकारचे: ‘एस्तार’ आणि ‘सेर’. ढोबळमानाने, खिन्न आहे म्हणताना पहिले, म्हणजे सध्याची अवस्था. नालायक आहे म्हणताना दुसरे, म्हणजे माणसाची ओळखच. मराठीत ‘अपयशी ठरलो’ आणि ‘अपयशी आहे’ यांत तसेच काहीसे अंतर आहे. इंग्रजीतल्या एकाच क्रियापदाला यांतले कोणते द्यायचे हे ठरवताना भाषांतरकार नकळत तत्त्वज्ञान करत असतो.

प्रश्नावली प्रमाणित झाली, की त्या धारणा नैराश्याशी निगडित आहेत एवढे कळते. त्या खोट्या आहेत का, हे कळत नाही. बोगोतात कुणाच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईची कल्पना करा. एका चुकीने लोकांच्या मनातून आपण उतरतो, याला तिने पूर्ण सहमती दिली. तिच्या बाबतीत ते खरेही असेल. कप फुटला तर काम जाईल. नोकरीत कायम झालेल्या प्राध्यापकाने तीच खूण केली, तर त्यालाही तितकेच गुण.

आपल्याकडचे नैयायिक ज्ञानाची परीक्षा सफल प्रवृत्तीने करत: पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे. फळ ही तिथे सत्याची खूण होती. इथे फळ वाईट एवढाच आरोप. सत्याची चौकशीच नाही.

यावर मानसोपचारतज्ज्ञ म्हणतील, दोष विचारात नसून त्याच्या ताठरपणात आहे. हे मला बरेचसे पटते. खरी भीतीसुद्धा माणसाला गिळू शकते, आणि त्या बाईला रात्री झोप लागावी असे कुणाला वाटणार नाही? पण सातांपैकी एका पर्यायावरची खूण ताठरपणाची की अनुभवाची, हे तिच्याशी बोलल्याशिवाय कसे ओळखणार?

बेक यांनी आपल्या उपचारपद्धतीचे मूळ स्टोइक विचारवंतांत असल्याचे सांगितले आहे. त्यांतला सेनेका जन्मला स्पेनमधल्याच कोर्दोबात, म्हणजे विचार वळसा घालून माहेरी आला म्हणायचा. सेनेका अतिशय श्रीमंत होता. एपिक्टेटस गुलामगिरीतून आलेला. लोकांच्या मतावर आपले सुख टांगू नये, हे दोघांनीही शिकवले. त्या बाईने ते ऐकायचेच असेल, तर मी तिला आधी एपिक्टेटसकडे पाठवीन.