काळाचा आडपडदा

वाचनाच्या आवडीला कारण विचारू नये म्हणतात. पण काही आवडी अशा असतात की, लोक विचारल्यावाचून राहत नाहीत. पन्नाशी ओलांडलेला, संसारी, इंदूरच्या एका हायस्कूलचा मुख्याध्यापक. आणि त्याच्या कपाटात काय, तर स्त्रीने स्त्रीवर केलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्या, त्याही जुन्या काळातल्या! आमचे एक सहकारी म्हणाले, "सर, ये सब तो बाहर से आया है।" वाद हिंदीत सुरू झाला खरा, पण त्याचे उत्तर मला मराठीतच सापडले.

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी त्यात सुमित्रा, म्हणजेच मित्रा झाल्या होत्या. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, वातावरण कॉलेजचे. मित्राचा जीव जडतो तो नमा नावाच्या मुलीवर, आणि शेवटी ती आपल्या हाताने आयुष्य संपवते. पुढे तेंडुलकरांच्याच कथेवरून रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट काढला, कृष्णधवल, १९४७ सालातला. त्याला २०१४ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये 'बायोस्कोप'मधून तो चित्रपटगृहांत आला. तेव्हा 'बाहेरून आले' हे म्हणणे निदान मराठी माणसाला शोभत नाही.

मला या कथा का आवडतात? स्त्री-पुरुषाच्या प्रेमाला समाजाने वाटा आखून दिल्या आहेत: भेट, चिठ्ठी, घरचा विरोध, शेवटी अक्षता किंवा ताटातूट. इथे आखलेले काहीच नाही. जुन्या काळात तर मनात जे चालले आहे त्याला नावही हाताशी नसे. एकमेकींना दिलेले पुस्तक, जरा जास्त वेळ थांबलेली नजर, एवढ्यावरून त्यांना सारे ओळखावे लागते. रूढीचा टेकू काढून घेतला तर प्रेमात काय उरते, हे मला या पुस्तकांनी जितके शिकवले तितके इतर कोणी शिकवले नाही.

परंतु वाचकहो, या आवडीत एक धोका आहे. पात्रे जुन्या काळातली असली की आपले डोळे सहज ओले होतात. 'तो काळच तसा होता' असे म्हणून आपण पुस्तक मिटतो. दोष काळाचा, आपण मोकळे!

अमेरिकेत पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी १९५२ साली 'द प्राइस ऑफ सॉल्ट' ही अशीच कादंबरी टोपणनावाने छापली. २०१५ साली तिच्यावरून 'कॅरल' हा चित्रपट निघाला, तेव्हा आपल्याला तो जुन्या काळाचा वाटला. लेखिकेसाठी मात्र तो 'आज' होता. आणि त्या 'आज'मध्ये तिने कोणाला मारले नाही. दोघींना आशेच्या वाटेवर सोडले. म्हणजे काळ कोणाचा जीव घेत नाही. भोवतालची माणसे साथ देतात किंवा देत नाहीत, एवढेच.

तेंडुलकरांनी हे नेमके हेरले होते. ती गोष्ट मित्राची, पण सांगतो तिचा मित्र बापू; आणि अखेरीस तोही तिच्यापासून दूर होतो. प्रेक्षक रडतो मित्रासाठी, पण बसलेला असतो बापूच्या जागी.

ही जागा कधी तरी आपल्याही वाट्याला येते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील माझे स्नेही. मुलगी कमावती, सज्ञान. तिने घरी स्पष्ट सांगितले की लग्न करणार नाही, मैत्रिणीबरोबर संसार करीन. वडील मला म्हणाले, "सर, ती तुमचं ऐकते. तिला समजावा." मी नाही म्हटले. तिच्या मनाविरुद्ध लग्न लावले तर ज्याच्या गळ्यात तिला बांधाल त्या मुलाचीही ती फसवणूकच, हेही सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र बापाचा होता आणि खरा होता: "म्हातारपणी तिला कोण?" सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला अशा संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मान्य केला नाही. मी म्हटले, "कायदा जिथे हात देत नाही, तिथे घराने तरी द्यावा. या दिवाळीला दोघींना फराळाला बोलवा." चहा अर्धा टाकून ते उठले. सकाळच्या फिरण्याला ते अजून माझ्याबरोबर येत नाहीत. मला त्याचे वाईट वाटते; पण दुसरे काही सांगितले असते, तर ती पुस्तके कपाटात ठेवण्याचा अधिकार मला उरला नसता.

पुस्तकातल्या मुलीसाठी रडायला खर्च येत नाही. समोरच्या मुलीच्या बाजूने उभे राहायला येतो. तो द्यायची तयारी नसेल, तर आपल्या रसिकतेला करुणा म्हणू नये.