दंड आणि मौन, एकाच श्लोकात



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३८.

विभूतियोगात भगवंत अर्जुनाला आपल्या खुणा सांगतायत. नद्यांमध्ये गंगा, स्थिर गोष्टींमध्ये हिमालय, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष. ही सगळी यादी वाचताना मन प्रसन्न होतं. पण अडतिसाव्या श्लोकाशी आलं की जरा थांबावं लागतं. इथे भगवंत चार गोष्टी आपल्या म्हणून सांगतात: आवर घालणाऱ्यांच्या हातातला दंड, विजय मिळवू पाहणाऱ्यांची नीती, गुह्य गोष्टींमधलं मौन आणि ज्ञानी माणसांचं ज्ञान.

दंड म्हणजे राज्याची आवर घालण्याची, शिक्षा करण्याची शक्ती. आजच्या रस्त्यावर ती गणवेशात दिसते. आता असं समजा की पोलिसांनी कुणाला तरी भररस्त्यात अडवलंय, खाली पाडलंय, त्याच्यावर बळ वापरतायत, आणि तुम्ही फुटपाथवर उभे आहात. दंड भगवंताचा, मौनही भगवंताचं. मग गप्प उभं राहायचं? की विचारायचं, "साहेब, हे काय चाललंय?"

याचा विचार हवेत करण्यापेक्षा एका खऱ्या फुटपाथवर जाऊन करू.

२५ मे २०२०. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात ३८वा रस्ता आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यू जिथे मिळतात, तिथलं एक किराणा दुकान. संध्याकाळची वेळ. वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड या ४६ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाला धरलं. हातात बेड्या घालून त्याला रस्त्यावर पालथा पाडला, आणि डेरेक शॉविन या पोलीस अधिकाऱ्याने त्याच्या मानेवर गुडघा ठेवला. तो गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद तिथेच होता. श्वास घेता येत नाही, असं फ्लॉइड पुन्हा पुन्हा सांगत होता. मग त्याचं बोलणं थांबलं.

फुटपाथवर कोण होतं? डार्नेला फ्रेझियर ही सतरा वर्षांची मुलगी, आपल्या नात्यातल्या नऊ वर्षांच्या लहान बहिणीला खाऊ घ्यायला घेऊन आलेली. मार्शल आर्ट्स खेळणारा एक माणूस, ज्याला गळ्यावरच्या दाबाचा अर्थ कळत होता. अग्निशमन दलात नोकरी करणारी, त्या दिवशी सुट्टीवर असलेली एक तरुणी. एकसष्ट वर्षांचे एक गृहस्थ. सगळे ये-जा करणारे लोक, कुणी ठरवून जमलेलं नव्हतं.

आणि ते विचारत होते. तो प्रतिकार करत नाहीये, मग गुडघा का? त्याची नाडी बघाल का? अग्निशमन दलातल्या तरुणीने मदत करू देण्याची विनवणी केली. दुसरा एक अधिकारी लोकांकडे तोंड करून, त्यांना अडवत उभा होता. त्याने तिला पुढे येऊ दिलं नाही. मार्शल आर्ट्सवाल्या माणसाने शेवटी पोलिसांचीच तक्रार करायला ९११ या क्रमांकावर फोन केला. डार्नेला फोन धरून चित्रण करत राहिली.

फ्लॉइड वाचला नाही. आता श्लोकाकडे परत येऊ.

दंड

दंड वाईट आहे असं आपली शास्त्रं कुठेच म्हणत नाहीत. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात, की दंड नसेल तर बलवान माणसं दुबळ्यांना गिळून टाकतील, मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी. रात्री अकराला लोकलने एकटी घरी येणारी मुलगी जेव्हा स्टेशनवर पोलीस बघून निर्धास्त होते, तेव्हा तिला या विभूतीचंच दर्शन होत असतं.

पण भगवंताने दंडाला आपलं रूप म्हटलंय. दंड धरणारा हात काहीही करो, तो आपलाच, असं म्हटलेलं नाही. गंगा विभूती आहे म्हणून गंगेत घाण सोडणाऱ्याला आपण नमस्कार करत नाही. उलट गंगा पवित्र आहे म्हणूनच त्याला अडवावंसं वाटतं. दंडाचंही तसंच आहे. मनुस्मृतीतही धर्म सोडणाऱ्या राजाला दंडच नष्ट करतो, असं सांगितलंय. म्हणून पोलिसाला "हे कशासाठी?" असं विचारणं हा दंडाचा अपमान होत नाही. दंड ज्यासाठी आहे त्याची ती आठवण असते.

नीती

इथे एक रास्त शंका येते. आपण अर्धंच पाहिलेलं असतं. आधी काय घडलं, त्या माणसाने काय केलं, आपल्याला कुठे ठाऊक? पोलिसाला मात्र क्षणात निर्णय घ्यावा लागतो. भोवती गर्दी ओरडायला लागली तर त्याचं काम अवघड होतं. शॉविनच्या वकिलांनी न्यायालयात जवळजवळ हेच मांडलं, की गर्दीमुळे अधिकाऱ्यांचं लक्ष विचलित झालं.

शंका खरी आहे, म्हणूनच विचारण्यालाही नीती लागते. मिनिआपोलिसचे लोक संतापले, आवाज चढले, शिव्याही गेल्या. पण कुणी अधिकाऱ्यावर हात टाकला नाही. आणि त्यांचे नेमके प्रश्न आठवून बघा. तो दोषी की निर्दोष, हे ते ठरवत नव्हते. नोट खरी की खोटी, या वादात ते पडले नाहीत. ते समोर दिसत होतं तेवढ्यावरच बोट ठेवत होते: माणूस हलत नाहीये, नाडी बघा. हे विचारायला आधीची गोष्ट माहीत असावी लागत नाही. नोट खोटी असती तरी नाडी बघायलाच हवी होती.

सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगताना भगवंत म्हणतात, की बोलणं उद्वेग न करणारं असावं, आणि सत्य, प्रिय व हितकरही असावं. आपण पहिल्या गुणावरच थांबतो आणि गप्प बसतो. पण ज्याचा श्वास थांबतोय त्याच्या हिताचं सत्य कुणीतरी मोठ्याने बोलायला नको का?

मौन

आता सगळ्यात अवघड शब्द. "भक्ताने साक्षीभावाने राहावं, जगात पडू नये," हे वाक्य आपल्या सत्संगात किती वेळा ऐकू येतं! पण श्लोक नीट वाचा. भगवंताचं मौन गुह्यातलं आहे, जपून ठेवायच्या आतल्या गोष्टींमधलं. चव्हाट्यावर चाललेला अन्याय हे गुह्य नव्हे. तिथलं मौन वेगळं असतं, आणि त्याचा हिशेब महाभारताने सभापर्वात मांडून ठेवलाय.

द्यूतसभेत द्रौपदीने शस्त्र उचललं नाही. तिने प्रश्न विचारला: युधिष्ठिर आधी स्वतःला हरले होते, तर मला पणाला लावण्याचा त्यांना अधिकार उरला होता का? सभेत भीष्म, द्रोण, कृप बसले होते. भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही. तेव्हा विदुराने प्रल्हादाची एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाने कश्यपांना विचारलं होतं, की जो जाणूनही उत्तर देत नाही त्याचं काय होतं? कश्यपांनी पापाची वाटणी सांगितली: जिथे निंद्य गोष्टीची निंदा होत नाही, तिथे अर्धं पाप सभेच्या प्रमुखाला, पाव करणाऱ्याला आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांना.

बघा, करणाऱ्याच्या आणि गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला सारखंच पाप आलं. मारलेल्या माणसाकडे नुसतं बघत राहणं हा साक्षीभाव नाही. साक्षीला दिसतं, आणि विचारलं तर तो सांगतो. म्हणून तर न्यायालयात साक्ष म्हणतात.

सभेत कौरवांपैकीच एक, विकर्ण, उठून बोलला. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. कर्णाने त्याला पोरगा म्हणून गप्प केलं. पुढे युद्धात तो कौरवांच्याच बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मारला गेला. त्या रस्त्यावरही असा एक होता. नोकरीत अगदी नवा असलेल्या अधिकाऱ्याने, फ्लॉइडला कुशीवर वळवायचं का, असं शॉविनला दोनदा विचारलं. नकार आला, आणि तो फ्लॉइडचे पाय धरूनच राहिला. पुढे त्यालाही शिक्षा झाली. फुटपाथवरच्या माणसाच्या हातात प्रश्नच असतो, त्याने तो विचारला की त्याचं बरंचसं कर्तव्य झालं. पण ज्याचे हात त्या देहावर आहेत, त्याचं कर्तव्य प्रश्न विचारून संपत नाही. हात काढावे लागतात.

ज्ञान

मग प्रश्न विचारून उपयोग काय झाला? माणूस तर गेला. द्रौपदीलाही सभेने सरळ उत्तर दिलंच नाही.

त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात एका माणसाचा, पोलीस कारवाईदरम्यान प्रकृती बिघडून, मृत्यू झाल्याचं म्हटलं होतं. गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. डार्नेलाचं चित्रण नसतं तर जगाला तेवढंच कळलं असतं. तिने ते फेसबुकवर टाकलं. पुढे फुटपाथवरची तीच माणसं न्यायालयात साक्षीला उभी राहिली, ती नऊ वर्षांची मुलगीसुद्धा. २० एप्रिल २०२१ रोजी शॉविन दोषी ठरला, त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. लोकांना अडवत उभा राहिलेला अधिकारीही दोषी ठरला. त्याच वर्षी डार्नेलाला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

पण न्यायालयात तिने सांगितलं होतं, की आपण आणखी काही केलं नाही म्हणून ती कित्येक रात्री जागून फ्लॉइडची माफी मागत राहिली. इतकं करूनही! ज्यांचं मन जागं असतं त्यांनाच ही टोचणी लागते. सभेत बसलेल्या किती जणांना त्या रात्री झोप आली नसेल, कोण जाणे.

मिनिआपोलिस लांब आहे, पण फुटपाथ सगळीकडे असतात. आपल्या कायद्यानेही बघणाऱ्याला एक जागा दिलीय. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सांगितलं, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही आहे, की अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे आणि अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. म्हणजे शेजारपाजारच्या माणसाने तिथे असावं, हे कायद्यालाच अपेक्षित आहे. मात्र पोलिसाला अडवणं, ढकलणं हा गुन्हा आहे, ते करू नये.

आजच्यासाठी एवढंच मनात ठेवू या. असा प्रसंग आलाच तर थोडं अंतर राखून थांबायचं, निघून जायचं नाही. शांत पण ऐकू जाईल अशा आवाजात, जे दिसतंय तेवढंच विचारायचं: "साहेब, यांना लागलंय का? यांना कुठे नेताय? यांच्या घरी कळवलंय का?" जमेल तर चित्रण, जमेल तर ११२ वर फोन. आणि नंतर कुणी विचारलं तर जसं पाहिलं तसं सांगायचं, दोन्ही बाजूंचं.

हे पांडुरंगा, दंड धरणाऱ्या हातांना तुझी आठवण राहू दे. आणि आमचं मौन तुझ्या नामासाठी राखलेलं असू दे, भीतीसाठी नको.

रामकृष्णहरी. उद्या पुढचा श्लोक.