सांगणं आणि सोय

पन्नाशीच्या माणसाला ‘एकदा रक्तदाब तपासून घ्या’ म्हटलं की उत्तर तयार असतं: ‘मला काय धाड भरलीय?’ छातीत दुखलं तर गॅस, चक्कर आली तर ऊन, रात्री चारदा उठावं लागलं तर वय. सगळ्यात प्रामाणिक कारण मात्र हळू आवाजात सांगितलं जातं: ‘एकदा बीपी निघालं की गोळी जन्माची मागे लागते.’ म्हणजे रोगापेक्षा रोगाचं नाव कळण्याची धास्ती मोठी. मग दुखणं अंगावर काढायचं, आणि एक दिवस घरच्यांनी रिक्षात घालून न्यायचं.

यावर आपण वर्षानुवर्षं एकच उपाय करत आलोय, तो म्हणजे उपदेश. पुरुषांनो, स्वतःकडे लक्ष द्या. पोस्टर, शिबिर, फ्लेक्सवर हसणारे पुढारी. उपदेश वाईट नसतो, स्वस्त असतो, आणि करणाऱ्याला आपलं कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं. त्यानं किती फरक पडतो, हे एका प्रयोगात नीट मोजलं गेलं आहे.

लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाब फार, आणि त्यानं अकाली मरण्याचं प्रमाणही फार. दवाखान्यावर त्यांचा भरवसा कमी, आणि त्याला इतिहास आहे. अलाबामात टस्कीगी इथं 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यखात्यानं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता ‘पाहत’ ठेवला होता. अशा समाजात डॉक्टर म्हणतो म्हणून कोण ऐकणार? पण सलूनवाल्याचं ऐकतात. दर पंधरवड्याला तीच खुर्ची, तोच माणूस, वर्षानुवर्षं. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी हे हेरलं. त्यांनी 52 सलूनमधली 319 नेहमीची गिऱ्हाइकं निवडली. सगळ्यांचा रक्तदाब चढलेला. सलूनचे दोन गट केले. एका गटात सलूनवाल्यानं केस कापता कापता सांगायचं: मीठ कमी करा, चाला, डॉक्टरला दाखवा. दुसऱ्या गटात औषधतज्ज्ञ स्वतः सलूनमध्ये यायचा, तिथंच रक्तदाब मोजायचा, डॉक्टरांशी आधी ठरलेल्या पद्धतीनं गोळी सुरू करायचा आणि गरजेप्रमाणे बदलायचा.

निकाल 2018 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. सहा महिन्यांत सांगण्याच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी 155 वरून 145 वर आला. सोयीच्या गटात 153 वरून 126 वर. रक्तदाब 130/80 च्या खाली आणणारे पहिल्या गटात शंभरात बारा, दुसऱ्यात चौसष्ट.

हे आकडे मला वैद्यकाइतकेच नीतीचे वाटतात. दोन्हीकडची माणसं तीच, हट्ट तोच, गोळीची धास्तीही बहुधा तीच. सांगणारा माणूससुद्धा विश्वासातला. तरीही नुसतं सांगून भागलं नाही. ज्याला आपण ‘पुरुषांची बेफिकिरी’ म्हणून मोकळे होतो, तिच्यातला बराच भाग गोळी खुर्चीपर्यंत आल्यावर विरघळला.

आता आपल्याकडे या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई भरतात. तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह आहे का, आणि कंबरेचा घेर. कल्पना चांगली आहे. पण आशाताई दारात येतात तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात. घरात सून, सासू आणि एखादं पोर.

‘हे तंबाखू खातात का?’

पदर सावरत, सासूकडे एकदा बघत उत्तर येतं, ‘कधीमधी.’

टेप हातात असते, कंबर मात्र कामावर गेलेली असते. मग अंदाजानं आकडा पडतो. पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की धोक्याचे गुण मिळतात. ते गुण मिळणार की नाही, हे बायकोच्या नजरेवर ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातले 38 टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरतात, बायका 9 टक्के. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त, आणि तोंडात टॉर्च मारून पाहायला काही मिनिटं पुरतात. पण ज्या तोंडात पाहायचं ते घरी नाही.

बाकीचे दरवाजेही असेच. बाह्यरुग्ण विभागाची मोठी गर्दी सकाळची, म्हणजे नाक्यावर मजूर उभे राहण्याच्या, मार्केट यार्डात गाड्या उतरण्याच्या वेळेची. ऊसतोडीच्या टोळीत एक दिवस चुकला की खाडा लागतो, आणि दंड उचलीतून वळता होतो. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढून टाकल्याची बातमी 2019 मध्ये राज्यभर गाजली, तिच्या मुळाशीही हाच खाडा होता. जिथं दुखणाऱ्या बाईलाही सुट्टी नाही, तिथं न दुखणाऱ्या पुरुषाला ‘सहज तपासून या’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? कंपनीच्या खर्चानं वर्षाकाठी सगळ्या तपासण्या होणारा साहेब आणि हा माणूस, दोघांना एकच वाक्य ऐकवणं दिसायला समान आहे, न्यायाचं नाही.

सरकारला हे कळत नाही असं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यानं अठरा वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीची स्वतंत्र मोहीम काढली. सरकारी ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडा ठेवायचं ठरलं, आणि मला तर मोहिमेपेक्षा हा घड्याळाचा बदल जास्त मोलाचा वाटतो. मोहीम संपते, रोज संध्याकाळी उघडणारं दार राहतं.

पण सगळं खापर घड्याळावर फोडलं तर पुरुष फारच स्वस्तात सुटतील. नसबंदीचं बघा. वरच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये बाईची शस्त्रक्रिया झालेली 38 टक्के, पुरुषाची 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्यानं होणारी, काही मिनिटांची. बुडालेल्या मजुरीपोटी सरकार त्याला बाईपेक्षा जास्त पैसे देतं. तरीही ‘मला जड कामं करावी लागतात’ हे कारण पुढे येतं, आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणारी बाई ऑपरेशनच्या टेबलावर जाते. इथं सोय आहे, पैसे आहेत, आणि पुरुष नाही. इथं उपदेश नव्हे, कानउघाडणीच हवी, आणि ती पारावर, चारचौघांत व्हायला हवी.

आणि पुरुषानं तपासणी टाळली तर ती त्याची खासगी बाब, असं म्हणून सोडता येत नाही. पक्षाघातानं एक बाजू लुळी पडली की त्याला उचलून बसवणारी, घास भरवणारी, स्वतःची मजुरी सोडणारी बहुतेकदा बायको असते, नाहीतर शाळा सुटलेली मुलगी. तिला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून मग सोपी सूचना सुचते: फॉर्म संध्याकाळी भरा, तपासणी पारावर, तालमीत, सलूनमध्ये न्या. रविवारी गावातल्या सलूनच्या बाकावर सात-आठ जण नंबर लावून बसलेले असतात, जुनं वर्तमानपत्र दोनदा वाचून झालेलं असतं. रक्तदाब मोजायला याहून चांगली जागा कुठली? सूचना बरोबरच आहे. पण ती अमलात कोण आणणार? आशाताईंना या एका फॉर्ममागे दहा रुपये ठरले. संध्याकाळी त्यांच्या घरीही चूल असते, आणि अंधारात पुरुषांच्या घोळक्यात टेप घेऊन जाणं त्यांच्यावर लादायचं, म्हणजे पुरुषांच्या तब्येतीचा बोजा पुन्हा एका बाईच्या डोक्यावर. लॉस एंजेलिसच्या सलूनमध्ये आला तो पगारी औषधतज्ज्ञ होता, गोळी लिहिण्याचा अधिकार घेऊन. आपल्या उपकेंद्रांत पुरुष आरोग्यसेवकाचं पद कागदावर आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची ती खुर्ची भरलेली आहे का, आणि भरली असेल तर तो माणूस संध्याकाळी सात वाजता कुठे असतो, एवढं पुरुषांनीच उभं राहून विचारावं.